डॉकमधली एसएसडी मधेच गायब होते किंवा रखडत चालते: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लॅपटॉपला एकच केबल लावायची आणि मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क, चार्जिंग सगळं एकदम चालू. हे सगळं जोडणारी डबी म्हणजे डॉक, आणि त्याच्या पोटातच एक वेगवान एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. ही सोय मला मनापासून आवडते. पण असा डॉक कुणी माझ्याकडे घेऊन येतं तेव्हा तक्रार ठरलेली असते: डिस्क दिसेनाशी होते. सोबत निष्कर्षही तयार असतो, की एसएसडी गेली. प्रत्यक्षात ती क्वचितच गेलेली असते. लॅपटॉप आणि डिस्क यांच्या मधे पोर्ट, केबल, डॉकमधली ब्रिज चिप (लॅपटॉप आणि एसएसडी यांच्यातली दुभाषी), अडॅप्टर आणि दोन्हीकडचं फर्मवेअर (चिपमधलं कायमचं सॉफ्टवेअर) बसलेलं असतं. दोष बहुधा या मधल्या साखळीत सापडतो. नवी डिस्क विकत घेण्याआधी खालच्या क्रमाने एकदा जा. वरच्या तपासण्या फुकट आहेत.

## लक्षणं

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते आधी ओळखा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

कॉपी चालू असताना डिस्क अचानक जाते आणि काही सेकंदांत परत येते. विंडोजवर फोल्डरची खिडकी आपोआप मिटते, मॅकवर डिस्क नीट इजेक्ट न केल्याची सूचना येते.

सुरुवातीला वेग झकास असतो आणि काही मिनिटांनी कोसळतो.

वेग पहिल्यापासूनच सेकंदाला ३०-४० मेगाबाइटला अडकलेला असतो, त्यापुढे हलत नाही.

लॅपटॉप स्लीपमधून उठवला की मॉनिटर येतो, माउस चालतो, फक्त डिस्क नसते.

डिस्क जाते तेव्हा तिच्याबरोबर मॉनिटर, नेटवर्क, सगळंच क्षणभर जातं.

शेवटच्या दोन लक्षणांतला फरक फार मोलाचा आहे. एकटी डिस्क जात असेल तर संशय ब्रिज चिप, उष्णता, स्लॉट किंवा पॉवर सेव्हिंगवर घ्यायचा. सगळा डॉकच जात असेल तर केबल, लॅपटॉपचा पोर्ट किंवा वीजपुरवठा. डिस्क गेल्या क्षणी मॉनिटरकडे नुसतं लक्ष दिलंत तरी निम्मा शोध संपतो.

एक सहावं लक्षणही लोक सांगतात: कॉपी करताना वायरलेस माउस अडखळतो. यात डिस्कचा दोष नाही. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि माउसचा छोटा रिसीव्हर त्याच पट्ट्यात चालतो. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने डॉकपासून दूर ठेवा, काम होतं.

## आधी डेटा

डिस्क दिसते आहे तोवर महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. एकदम सगळं न ओढता थोडं थोडं कॉपी करा, म्हणजे मधे तुटलं तरी कुठवर झालं ते कळतं आणि डिस्कही तापत नाही.

विंडोजने डिस्क इनिशियलाइझ करायची का, फॉरमॅट करायची का असं विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क किंवा मॅकचं फर्स्ट एड चालवायची घाईही नको. ही साधनं दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितात. जोडणीच डळमळीत असताना लिहिलं, तर बरी असलेली फाइल सिस्टीमही बिघडू शकते. डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये) फॉरमॅट केलेली असेल तर जास्त जपा: विंडोजच्या एनटीएफएसला किंवा मॅकच्या एपीएफएसला अर्धवट तुटलेल्या कामातून सावरायची काही यंत्रणा असते, एक्सफॅटला तशी नसते.

## केबल आणि पोर्ट

सर्वांत स्वस्त आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोषी निघालेली गोष्ट म्हणजे केबल. यूएसबी-सीच्या सगळ्या केबली बाहेरून सारख्याच दिसतात. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच चार्जिंग केबलींमध्ये डेटासाठी फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात, म्हणजे कमाल ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ४० मेगाबाइट. तुमचा वेग तिथेच अडकला असेल तर सर्वप्रथम डॉकच्या खोक्यातली मूळ केबल शोधून लावा.

मूळ केबल हरवली असेल तर नवी घेताना तिच्यावर छापलेला आकडा बघा: ४० जीबीपीएस (सेकंदाला ४० गिगाबिट), २० जीबीपीएस, किंवा थंडरबोल्टची (यूएसबी-सीच्याच आकाराच्या वेगवान जोडणीची) वीजखूण आणि ३, ४ किंवा ५. लांबीही मोजा. थंडरबोल्ट ३ ची साधी पॅसिव्ह (आत सिग्नल सावरणारी चिप नसलेली) केबल साधारण ०.८ मीटरपर्यंतच पूर्ण ४० गिगाबिट देते, त्यापेक्षा लांब असली की बहुधा २० वर उतरते. टेबल मोठं आहे म्हणून दोन मीटरची पॅसिव्ह केबल घेणं इथे महागात पडतं.

मग पोर्ट. लॅपटॉपवर दोन यूएसबी-सी पोर्ट असले तरी दोन्ही सारख्या ताकदीचे असतीलच असं नाही. डॉक दुसऱ्या पोर्टला लावून बघा. टॉर्च मारून पोर्टच्या आत डोकवा. खिशातली, बॅगेतली धूळ आत दाबली गेली की प्लग पूर्ण बसत नाही आणि जरा धक्का लागला की जोडणी सुटते. लॅपटॉप बंद करून, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने धूळ काढा. सुई, पिन किंवा कुठलाही धातू नको.

आता प्लग हातात धरून हळूच वर-खाली हलवा. एवढ्याने डिस्क जात असेल तर दोष सापडला. केबल बदलूनही तेच होत असेल तर पोर्टच ढिला झाला आहे, आणि तिथे घरगुती उपाय संपतात.

## वेग कमी आहे, की अपेक्षाच चुकीची आहे?

खोक्यावर ४० गिगाबिट लिहिलेलं असतं आणि माणूस सेकंदाला ५००० मेगाबाइटची वाट बघतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, शिवाय वाटेत काही भाग यंत्रणेच्या स्वतःच्या निरोपांत जातो. प्रत्यक्षात ५ गिगाबिटच्या जोडणीवर ४०० ते ४५० मेगाबाइट, १० गिगाबिटवर ९०० ते १००० आणि थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर ३००० च्या आतबाहेर मिळाले तर सगळं ठीक आहे. तेही स्लॉटला पूर्ण रुंदी दिली असेल तर. पुष्कळ डॉकमध्ये एसएसडीच्या स्लॉटला पीसीआयईची (एसएसडी ज्या आतल्या रस्त्याने बोलते त्याची) एकच लेन, म्हणजे पदर, दिलेली असते, कारण उरलेल्या लेन नेटवर्क आणि यूएसबीला लागतात. पीसीआयई ३.० ची एक लेन १००० मेगाबाइटच्या आतच थांबते. अशा स्लॉटमध्ये ७००० मेगाबाइटची एसएसडी बसवून फक्त उष्णता वाढते.

याहून कमी ओळखीचं कारण म्हणजे मॉनिटर. थंडरबोल्ट नसलेला साधा यूएसबी-सी डॉक म्हणजे चार पदरी रस्ता समजा. मॉनिटरने दोन पदर घेतले तर दोन डेटाला उरतात आणि यूएसबी ३ चालतं. मॉनिटरने चारही घेतले तर डेटाला फक्त यूएसबी २.० ची पायवाट उरते. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र पाठवण्याची पद्धत) १.२ च्या जमान्यातल्या लॅपटॉपवर दोन पदरांत ४के चित्र ३० हर्ट्झलाच मावतं, म्हणून ६० हर्ट्झ हवे असतील तर काही डॉक चारही पदर चित्राला देऊन टाकतात. काही मॉनिटरच्या आणि डॉकच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतोच: एकीकडे जास्त रिझोल्यूशन, दुसरीकडे जास्त डेटा वेग.

तपासायला अर्धा मिनिट लागतं. मॉनिटरची केबल डॉकमधून काढा, डॉक पुन्हा जोडा आणि तीच फाइल कॉपी करा. वेग दहापट झाला तर काहीही बिघडलेलं नाही. रिफ्रेश रेट कमी करा, किंवा मॉनिटर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला थेट जोडा.

## वीज

डॉकला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर तो लॅपटॉपच्या पोर्टवर जगतो. अशा पोर्टकडून जास्तीत जास्त १५ वॉट मिळतात, काहींकडून त्याच्या निम्मेच. एनव्हीएमई एसएसडी भरपूर लिहीत असताना एकटीच ५ ते ८ वॉट खाऊ शकते. त्यात नेटवर्क, कीबोर्ड, चार्जिंगला लावलेला फोन आला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि ब्रिज चिप रीसेट होते. आपल्याला दिसतं ते एवढंच, की डिस्क गेली. म्हणून चाचणी करताना डॉकवरचं बाकी सगळं काढा आणि एकट्या डिस्कवर मोठी फाइल टाकून बघा.

डॉकमधून चार्जर फिरवून लॅपटॉप चार्ज करत असाल तर एक सवय लावून घ्या: कॉपी चालू असताना चार्जर लावायचा नाही आणि काढायचाही नाही. त्या क्षणी वीज कुणी कुणाला द्यायची याची नव्याने बोलणी होते, आणि बरेच छोटे डॉक तेवढ्या वेळात सगळी उपकरणं सोडून देतात. आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच निघालं आहे.

स्वतःचा अडॅप्टर असलेल्या डॉकला मूळ अडॅप्टरच लावा. पिन बसते म्हणून दुसऱ्या उपकरणाचा नको. व्होल्टेज तेच आणि वॉट कमी असले तर डॉक चालू दिसतो, पण लॅपटॉपची बॅटरी रिकामी असताना चार्जिंगचा भार आला की कोलमडतो. डिस्क नेमकी बॅटरी उतरलेली असतानाच जाते का, हे बघून ठेवा.

## उष्णता

छोट्या फाइली ठीक जातात, मोठी कॉपी काही मिनिटांनी मंदावते किंवा तुटते, आणि डॉक थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो. ही उष्णतेची खूण. एनव्हीएमई एसएसडी साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्वतःला सावरायला वेग कमी करतात. शेजारची ब्रिज चिपही तापते, आणि तिला असा समजूतदारपणा नसेल तर ती सरळ जोडणीच सोडते.

क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांसारखं सॉफ्टवेअर वापरून डिस्कचं तापमान बघा आणि त्याच वेळी डॉकच्या धातूच्या कवचाला हात लावा. कवच गरम लागलं की लोक घाबरतात. उलट ते बरं, उष्णता बाहेर येते आहे. डिस्क ७५ अंश दाखवते आणि कवच मात्र गार, हे वाईट. याचा अर्थ मधला थर्मल पॅड (उष्णता कवचाकडे नेणारी मऊ पट्टी) टेकलेला नाही, किंवा त्याच्यावरची पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली आहे. पॅडच्या दोन्ही बाजूंना फिल्म असते आणि दुसऱ्या बाजूची सर्रास राहून जाते.

डॉक लॅपटॉपच्या पोटाखाली, कागदांच्या गठ्ठ्यात किंवा बंद खणात ठेवू नका. उभा ठेवता येत असेल तर उभा ठेवा.

तापमान ५०-५५ अंशांतच आहे, डिस्क जात नाही, पण ठरावीक गिगाबाइट लिहून झाले की वेग घसरून एका पातळीवर स्थिर होतो, असं असेल तर हे आजारपण नाही. एसएसडी आपल्या जागेचा एक भाग जलद कॅशसारखा, म्हणजे तात्पुरत्या साठ्यासारखा, वापरते. तो भरला की खऱ्या वेगाने लिहिते, आणि क्यूएलसी (डेटा जास्त दाटीने ठेवणाऱ्या) प्रकारच्या डिस्कवर हा खरा वेग सेकंदाला १०० मेगाबाइटच्या घरातही येऊ शकतो. डिस्क जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान. पाचवा हिस्सा रिकामा ठेवा.

## स्लीप आणि पॉवर सेव्हिंग

फक्त स्लीपनंतर किंवा बराच वेळ काही न केल्यावर डिस्क जात असेल, तर सेटिंग बघायची पाळी आली. विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, थंडरबोल्ट डॉक असेल तर पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढा. मॅकवर हार्ड डिस्क शक्य तेव्हा स्लीपमध्ये टाकण्याचा पर्याय बंद करा. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण डॉकला लावलेल्या लॅपटॉपला त्याची फिकीर नसते. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी क्विक रिमूव्हल (डेटा मेमरीत न थांबवता डिस्कवर लिहिणारं) हे धोरण मूळचंच असतं. वेगाच्या मोहाने ते बेटर परफॉर्मन्सवर नेलं असेल तर परत आणा. बेटर परफॉर्मन्समध्ये लिहायचा डेटा काही काळ मेमरीत थांबतो, आणि ज्या डॉकची डिस्क मधेच जाते तिथे तो तेवढा डेटा गेलाच म्हणून समजा.

लिनक्सवर कर्नल लॉगमध्ये (सिस्टीमच्या गाभ्याच्या नोंदींत) यूएएसचे (यूएसबीवरून डिस्कशी जलद बोलण्याच्या पद्धतीचे) अबॉर्ट आणि रीसेट सारखे दिसत असतील तर त्या एका उपकरणापुरतं यूएएस बंद करता येतं. वेग कमी होतो, पण डिस्क टिकते.

## नोंदी काय सांगतात

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदी उघडा. १५७ क्रमांक म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे रीसेट पाठवला, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. हे तिन्ही बहुधा जोडणीकडे बोट दाखवतात. ७ क्रमांक, म्हणजे खराब ब्लॉक, दिसला तर मात्र डिस्कवर संशय घ्या.

एसएसडीच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वरच्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसते) मला दोन आकडे सर्वांत उपयोगी वाटतात. मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य असेल तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता मोठी. आणि अनसेफ शटडाउन्स: हा आकडा लिहून ठेवा, डिस्क गायब होऊन आली की पुन्हा बघा. प्रत्येक वेळी वाढत असेल तर डिस्कची वीजच तुटते आहे. तसाच राहत असेल तर वीज शाबूत आहे, फक्त संवाद तुटतो.

## फर्मवेअर

इथवर येऊनही दोष राहिला तर डॉकच्या उत्पादकाच्या साइटवर फर्मवेअर शोधा, लॅपटॉपचं बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि थंडरबोल्टचं फर्मवेअरही. ब्रिज चिपच्या जुन्या फर्मवेअरमुळे डिस्क सुटणं हा ओळखीचा दोष आहे. अपडेट फक्त उत्पादकाकडूनच घ्या. तीच चिप दुसऱ्या कंपनीच्या डॉकमध्ये आहे म्हणून तिचं फर्मवेअर टाकू नका, वीजजोडणी वेगळी असू शकते. अपडेट चालू असताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा, डॉकला हात लावू नका. अर्धवट फर्मवेअरने डॉक कायमचा बंद पडू शकतो.

## उघडून बघणं

वापरणाऱ्याने डिस्क बदलावी अशी सोय असलेला डॉकच उघडा. सील तोडावं लागत असेल तर वॉरंटी संपेल. अडॅप्टर काढा, लॅपटॉप सोडवा, हातातली स्थिर वीज जाण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करा. एसएसडी काढून तिरकी आत सरकवा, सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा होईपर्यंत बसवा, मग आडवी दाबून स्क्रू लावा. स्क्रू नसलेली डिस्क वर उचलली जाते आणि सुटते. डिस्कच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) प्रकारची आहे, आणि फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये ती दिसणारच नाही.

निकाल लावणारी चाचणी अदलाबदलीची. तुमची एसएसडी दुसऱ्या एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये (डिस्क बसवायच्या बाहेरच्या डबीत) लावा. तिथे तासभर नीट चालली तर डॉक दोषी. डॉकमध्ये दोन डिस्क रेडमध्ये (एकच डिस्क म्हणून) जोडलेल्या असतील किंवा डॉक स्वतःच एन्क्रिप्शन करत (डेटा कुलूपबंद करत) असेल तर ही चाचणी करू नका, एकटी डिस्क बाहेर वाचता येणार नाही.

## डॉकच बदलायचा ठरला तर

जाहिरातीतला मोठा आकडा लॅपटॉप आणि डॉक यांच्यामधल्या दुव्याचा असतो. तुम्ही एसएसडी स्लॉटचा आकडा विचारा: पीसीआयईची कोणती पिढी, किती लेन. मग अडॅप्टर किती वॉटचा आणि त्यातले लॅपटॉपला किती. केबल सुटी निघणारी हवी. डॉकलाच जोडलेली केबल तुटली की अख्खा डॉक जातो. स्लॉटवर धातूचं झाकण आणि पॅड हवा. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरून फर्मवेअर अपडेट करता येतं का, हे घेण्याआधीच बघा.

आणि स्पष्ट सांगते: दिवसातून अनेकदा लॅपटॉप काढून नेणाऱ्याने डिस्क असलेला डॉक घेऊच नये. प्रत्येक वेळी इजेक्ट करायचं लक्षात राहत नाही, आणि फाइली टेबलावरच राहतात. साधा डॉक आणि वेगळी एसएसडी त्यांना जास्त सुखाची. एका जागी बसून मोठे व्हिडिओ किंवा फोटो हाताळणाऱ्यांना मात्र अंतर्गत स्लॉट खरोखर उपयोगी पडतो.

## इथे थांबा, जाणकाराला बोलवा

जळका वास, प्लगवर काळा किंवा पिवळा डाग, वितळलेलं प्लॅस्टिक: लगेच वीज बंद. पॉवर डिलिव्हरीत (यूएसबी-सीवरून जास्त वीज देण्याच्या पद्धतीत) याच पोर्टमधून २० व्होल्ट, काही नव्या उपकरणांत त्याहूनही जास्त, आणि ५ अँपिअरपर्यंत वाहू शकतं. पुन्हा लावून बघायचं नाही.

दोन वेगळ्या चांगल्या डॉकांवर लॅपटॉपचा तोच पोर्ट सुटत असेल तर मदरबोर्डवरच्या पोर्टचं काम आहे. ते बोर्डवर सोल्डरिंग करणाऱ्याकडेच न्या.

डिस्क दुसऱ्या एन्क्लोजरमध्येही दिसत नाही, किंवा क्षमता शून्य दाखवते, किंवा भलतंच नाव दाखवते, आणि तिच्यावर दुसरीकडे नसलेला डेटा आहे: तिला पुन्हा वीज देऊ नका आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या फेऱ्याही चालवू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे डिस्क आणि डॉक दोन्ही द्या, कारण एन्क्रिप्शन डॉकच्या चिपमध्ये असेल तर त्यांना तीही लागेल. बिघाड कधी, कशानंतर सुरू झाला आणि तुम्ही काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून द्या. बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टची (विंडोज आणि मॅकच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की शोधून हाताशी ठेवा. ती नसेल तर डिस्क पूर्ण वाचली गेली तरी फाइली उघडणार नाहीत.